दोन कर्ते, एक क्रियापद

सुरत शहराच्या पूर्वेकडील अंगाला, लिंबायत ओलांडून पुढे गेले की गोडादरा लागते. एके काळचे हे खेडे आता शहरात पुरते मिसळून गेले आहे. तेथील गल्ल्यांतून सकाळच्या वेळी जाणाऱ्याच्या कानांवर गुजरातीच्या जोडीने मराठी पडते, आणि त्या मराठीला बहुधा खानदेशच्या मातीचा वास असतो. १९०० साली ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि सुरत व खानदेश ही एकमेकांची शेजारी झाली. पुढे यंत्रमागांनी नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूंची माणसे बोलावून घेतली. ती आली, राहिली, आणि त्यांची मुले येथेच शाळेत जाऊ लागली. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत म्हणूनच गुजराती माध्यमाबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत.

अशा घरातला एखादा मुलगा घरी मराठी बोलतो, रस्त्यावर गुजराती बोलतो, आणि वर्गात इंग्रजी शिकतो. त्याच्या इंग्रजीच्या वहीत एक चूक वारंवार आढळते. आपली वही आणि डबा हरवला, हे त्याला सांगायचे असते. तो लिहितो, ‘माय नोटबुक अँड टिफिन इज लॉस्ट.’ शिक्षकांची लाल शाई ‘इज’वर फिरते आणि वर ‘आर’ उमटते. दोन वस्तू असताना क्रियापद एकवचनी का, असा प्रश्न मुलाला विचारला जातो. मुलगा खाली पाहतो. त्याच्याजवळ उत्तर नसते.

वस्तुतः उत्तर आहे, आणि ते मोठे जुने आहे. मुलाने निष्काळजीपणा केलेला नसतो. त्याने एक नियम मोडला हे खरे. परंतु तो मोडताना त्याने दुसरा एक नियम तंतोतंत पाळलेला असतो. हे दोन नियम कोठून आले, त्यांची गाठ कोठे पडली, आणि त्या गाठीशी सुरत शहराचा काय संबंध, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

प्रथम इंग्रजीकडे वळू. आजचे इंग्रजी व्याकरण सांगते की दोन एकवचनी कर्ते ‘अँड’ने जोडले म्हणजे क्रियापद अनेकवचनी होते. ‘ऑर’ने जोडले तर क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते, कारण ‘अँड’ बेरीज करतो आणि ‘ऑर’ निवड करतो. ‘ॲज वेल ॲज’ने जोडलेला दुसरा कर्ता सोबती मानला जातो, तो बेरजेत धरला जात नाही. ‘ब्रेड अँड बटर’ हा एकच खाद्यपदार्थ समजला तर त्याला ‘इज’ लागते. ‘एव्हरी’ हा शब्द मागे असला तर कितीही कर्ते जोडले तरी क्रियापद एकवचनीच राहते, कारण तेथे प्रत्येकाचा विचार सुटा सुटा होतो. हे सारे विद्यार्थ्यापुढे असे मांडले जाते, की जणू इंग्रजी भाषा जन्माला आली तीच हे नियम हातात घेऊन.

तसे मुळीच नव्हते. १६०८ साली ईस्ट इंडिया कंपनीचे ‘हेक्टर’ हे जहाज घेऊन विल्यम हॉकिन्स सुरतेला आला. १६१२ मध्ये सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीज आरमाराशी लढाई दिली, आणि त्यानंतर त्यांच्या वखारीचा जम बसला. याच सुमारास, १६११ साली, इंग्लंडात बायबलचे ते प्रसिद्ध भाषांतर छापून निघाले, ज्याला राजा जेम्सचे बायबल म्हणतात. त्या ग्रंथात दोन-तीन नामे जोडून आलेली असतानाही क्रियापद एकवचनी ठेवलेले अनेक ठिकाणी दिसते. डोंगरावरील प्रवचनात कसर आणि गंज या दोघांना मिळून एकवचनी क्रियापद आहे. प्रभूच्या प्रार्थनेच्या अखेरीस राज्य, सामर्थ्य आणि गौरव या तिघांसाठी एकच ‘इज’ पुरले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात विश्वास, आशा आणि प्रीती या तिघींसाठीही क्रियापद एकवचनीच आले आहे. शेक्सपियरच्या नाटकांतही अशी उदाहरणे विपुल आहेत.

याचा अर्थ असा की, सुरतेच्या बंदरात इंग्रजी प्रथम ऐकू आली तेव्हा त्या भाषेत दोन्ही पद्धती नांदत होत्या. अनेकवचन चालत असे, आणि जवळच्या नामाकडे पाहून ठेवलेले एकवचनही चालत असे. विशेषतः क्रियापद आधी आणि कर्ते मागाहून आले, अथवा कर्ते अमूर्त कल्पनांची नावे असली, म्हणजे एकवचन कोणाच्या कानाला खुपत नसे. गोडादऱ्याच्या मुलाची वही त्या काळच्या एखाद्या विद्वान इंग्रजाच्या हाती पडती, तर ‘इज’वर लाल रेघ ओढण्याची त्याला फारशी घाई झाली नसती.

ही घाई पुढे अठराव्या शतकात आली. १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांनी इंग्रजी व्याकरणाची एक छोटी ओळख प्रसिद्ध केली. हे गृहस्थ लॅटिन आणि हिब्रूचे पंडित होते आणि पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांनी नियम तर सांगितलेच, शिवाय तळटीपांतून थोर थोर लेखकांच्या चुका दाखवून दिल्या, आणि त्यांतून १६११ चे बायबलही सुटले नाही. लाउथ यांच्या मागोमाग १७९५ साली लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण निघाले. मरे हे अमेरिकेतून इंग्लंडात येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेले वकील. तेथील मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी हे पुस्तक लिहिले, आणि पाहता पाहता ते इंग्रजी शिकवणाऱ्या साऱ्या जगाचे पाठ्यपुस्तक झाले. जेथे इंग्रजांची शाळा निघाली तेथे मरे यांचे नियम पोचले. जोडकर्त्याला अनेकवचनी क्रियापद, हा नियम पाठ करून घेतला जाऊ लागला तो या पुस्तकांच्या पिढीपासून.

परंतु लाउथ आणि मरे यांनी तरी हा नियम कोठून घेतला? त्याची मुळे लॅटिन व्याकरणात होती. सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजाच्या आज्ञेने इंग्लंडच्या शाळांत एकच लॅटिन व्याकरण लावण्यात आले होते. ते विल्यम लिली यांच्या नावाने ओळखले जाई. त्यात तीन मेळ सांगितले होते: कर्त्याशी क्रियापदाचा मेळ, नामाशी विशेषणाचा मेळ, आणि संबंधी सर्वनामाचा त्याच्या नामाशी मेळ. कर्ते दोन असले तर क्रियापद अनेकवचनी. त्यांची लिंगे भिन्न असली तर कोणाचे चालायचे? लॅटिन व्याकरणाने तेथे योग्यतेची उतरंड लावली होती. पुल्लिंग स्त्रीलिंगाहून योग्य, आणि प्रथमपुरुष द्वितीयपुरुषाहून योग्य. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मात्र नपुंसकलिंगाला मान होता. व्याकरणाच्या पुस्तकातही समाजाची पायरी कशी उतरते, याचे हे एक नमुनेदार उदाहरण होय.

या लॅटिनवर वाढलेल्या इंग्रज विद्यार्थ्यांच्या पिढीतला एक तरुण १५७९ साली गोव्यास आला. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. येशूसंघाच्या या धर्मगुरूने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला, आणि तो १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. मराठी वाचक त्याला ओळखतो तो या ग्रंथामुळे. परंतु त्याचे दुसरे काम व्याकरणाचे आहे. कोकणी भाषेचे पोर्तुगीजमध्ये लिहिलेले त्याचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथेच छापून निघाले. भारतीय भाषेचे छापलेले हे पहिले व्याकरण मानले जाते. म्हणजे इंग्रजांना आपल्या भाषेचे नियम घासूनपुसून ठेवायला आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे लागणार होती, त्या वेळी एक इंग्रज माणूस कोकण किनाऱ्यावर बसून आपल्या भाषांचे नियम शोधत होता. हा योग विलक्षण आहे. त्याच्या हाती मापपट्टी लॅटिनची होती. पण माप तो येथल्या बोलीचे घेत होता, आणि ‘क्रिस्तपुराणा’तील ओव्या वाचणाऱ्याला कळते की बोलीचा सूर त्याच्या कानात पक्का बसला होता.

पुढे १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण इंग्रजीतून छापले. ही पुस्तके परक्यांनी परक्यांसाठी लिहिलेली होती. मराठी मुलांना मराठीतून मराठी व्याकरण शिकवायचे, हे काम एका मराठी माणसाने अंगावर घेतले. आणि येथे आपली वाट पुन्हा सुरतेकडे वळते.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. वयाची पंचविशी गाठण्याच्या आतच, १८३६ साली, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्यापुढे होती आणि संस्कृत व्याकरणाची परिभाषा त्यांच्या हाताशी होती. या दोहोंची सांगड घालून त्यांनी मराठीचे शास्त्र उभे केले. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार प्रकारची अव्यये, अशा शब्दांच्या ज्या आठ जाती आजही शाळेत पाठ केल्या जातात, त्यांची वाटणी इंग्रजी व्याकरणावरून आलेली आहे. ‘आणि’, ‘व’, ‘किंवा’ यांना ‘उभयान्वयी’ असे भारदस्त नाव आहे. दोहोंकडे अन्वय ज्याचा, तो उभयान्वयी. आपल्या आजच्या प्रश्नाचा सारा घोळ याच चिमुकल्या शब्दाभोवती आहे. पुढे लोक दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

व्याकरण प्रसिद्ध झाल्यावर काही वर्षांनी दादोबा सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. मराठी व्याकरणाचा कर्ता गुजराती मुलांना इंग्रजी शिकवू लागला. मराठी, गुजराती आणि इंग्रजी या ज्या तीन भाषांच्या कात्रीत आजचा गोडादऱ्याचा मुलगा सापडलेला आहे, त्याच तीन भाषा एकाच माणसाच्या मुखी, त्याच शहरात, जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी एकत्र आल्या होत्या.

सुरतेत दादोबांना एक सहकारी भेटला. दुर्गाराम मंछाराम मेहता हे तेथील गुजराती शाळेचे मेहताजी होते. गुजराती समाज त्यांना दुर्गाराम मेहताजी म्हणूनच ओळखतो. या दोघांनी, दिनमणिशंकर, दामोदरदास आणि दलपतराम मास्तर या मित्रांसह, २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. जातिभेदाला विरोध, विधवाविवाहाचा पुरस्कार, भुताखेतांच्या आणि मंत्रतंत्रांच्या समजुतींचे खंडन, अशी या सभेची कामे होती. सर्व माणसांची जात एक आणि सर्वांचा ईश्वर एक, हे तिचे सार. १८४६ साली दादोबा मुंबईस परतले आणि १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले. त्यानंतर सभा मावळली. परंतु मुंबईत पुढे परमहंस सभा निघाली तिच्यामागे दादोबांचा हात होता, आणि १८६७ च्या प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग प्रमुख होते. एक मराठी शिक्षक आणि एक गुजराती शिक्षक, या दोन कर्त्यांनी मिळून केलेली ती एक क्रिया होती.

आता मराठीच्या नियमाकडे येऊ. दादोबांनी पाया घातला. त्यावर कृष्णशास्त्री चिपळूणकर, गणपतराव नवलकर आदींनी काम केले, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा विशाल ग्रंथ सिद्ध केला. मराठीत क्रियापदाला कर्त्याशी वचनाने, पुरुषाने आणि बहुतेक काळांत लिंगानेही जुळवून घ्यावे लागते. इंग्रजी क्रियापदाला लिंगाची चिंता नाही. मराठी क्रियापद त्या मानाने अधिक जबाबदार आहे, आणि म्हणूनच कर्ते दोन झाले की त्याची खरी परीक्षा होते.

निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मराठी मन जवळच्याकडे पाहते. ‘वही आणि डबा हरवला’ असे आपण म्हणतो. क्रम उलटला की ‘डबा आणि वही हरवली’ असे म्हणतो. वस्तू दोन्ही हरवल्या. पण क्रियापद शेवटच्या शब्दाचा हात धरते. ‘वरण, भात आणि भाजी वाढली’ या वाक्यात वाढणारीने तीन पदार्थ वाढले, तरी क्रियापद भाजीच्या मागे गेले. वर्तमानकाळातही ‘वही आणि डबा कोठे आहे?’ असे सहज विचारले जाते, आणि ते कोणाला खटकत नाही. गोडादऱ्याच्या मुलाने ‘इज’ लिहिले ते येथून. त्याच्या आईने सकाळी डबा भरताना जे वाक्य उच्चारले असते, त्याच वाक्याचा सांगाडा त्याने इंग्रजी शब्दांनी भरला.

माणसांच्या बाबतीत मात्र मराठी असे करत नाही. ‘राम आणि लक्ष्मण आला’ असे कोणी म्हणणार नाही. ‘आले’ असेच म्हणेल. येथे मराठी आणि इंग्रजी यांचे एकमत आहे. म्हणूनच हा मुलगा ‘राम अँड लक्ष्मण आर’ असे बिनचूक लिहितो, आणि लगेच खालच्या ओळीत वही व डबा यांना ‘इज’ लावतो. शिक्षकाला वाटते, नियम कळूनही मुलगा विसरला. खरे पाहता तो काहीच विसरलेला नाही. सजीव आणि निर्जीव यांत मराठी जो भेद करते, तो भेद त्याने इंग्रजीतही पाळला आहे. इंग्रजीला तो भेद ठाऊक नाही, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

आणखी एक नाजूक जागा आहे. पुरुष आणि स्त्री अशी जोडी कर्ता असेल तर क्रियापदाचे लिंग कोणते? लॅटिनने पुल्लिंगाला वरचढ ठरवले. संस्कृतातही आई आणि वडील या दोघांना मिळून ‘पितरौ’ हा एकच पुल्लिंगी शब्द पुरतो. मराठीने आणि गुजरातीने तिसरी वाट धरली. ‘ती दोघं आली’ असे मराठी म्हणते, आणि तेथे ‘ती’ही नपुंसकलिंगी अनेकवचन आणि ‘आली’ही नपुंसकलिंगी अनेकवचन. पुरुष वरचढ नाही, स्त्रीही वरचढ नाही. दोघांना सामावून घेणारे तिसरे लिंग पुढे येते. गुजरातीत ‘छोकरो अने छोकरी आव्यां’ असे लिहितात. तेथेही नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, आणि त्याच्या डोक्यावर अनुस्वार आहे.

हा अनुस्वार लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या मराठी लेखनात ‘राजा व राणी आलीं’ असे लिहीत आणि ‘आलीं’वर अनुस्वार देत. त्यावरून डोळ्यांना कळे की हे अनेकवचन आहे. ‘राणी आली’ यातील स्त्रीलिंगी एकवचन वेगळे. बोलण्यातून मात्र हा अनुनासिक उच्चार प्रमाण मराठीत केव्हाच गेला होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले, आणि ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार लेखनातूनही गेले. ते योग्यच झाले; लेखणीने जिभेच्या मागून चालावे. परंतु त्याबरोबर एक खूण पुसली गेली. आता ‘राजा आणि राणी आली’ हे वाक्य वाचणाऱ्याला वाटते की क्रियापद जवळच्या राणीकडे पाहून एकवचनी झाले आहे, वही आणि डब्याच्या वाक्यासारखेच.

हा समज खोटा ठरवायला सोपी कसोटी आहे. वाक्य पूर्ण करून पाहावे. ‘राजा आणि राणी आली आहेत’ असेच म्हणावे लागते; ‘आली आहे’ असे चालत नाही. भविष्यकाळात पाहावे: ‘राजा आणि राणी येतील’, ‘येईल’ चालत नाही. उलट ‘वही आणि डबा सापडेल’ हे कानाला गोड लागते. ज्या काळात क्रियापदाला लिंग नसते तेथे वचन उघडे पडते, आणि मग कळते की पुसलेल्या अनुस्वाराखाली अनेकवचन अजून जिवंत आहे. सुरतेच्या मुलाला तर ही खूण रोज रस्त्यावरच्या पाट्यांवर दिसते, कारण लेखी गुजरातीने आपला अनुस्वार टाकलेला नाही. शेजारच्या भाषेने जपून ठेवलेली ही आपलीच जुनी ठेव आहे, असे त्याला एकदा दाखवले, तर दोन भाषा एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहतात.

आज ‘राजा आणि राणी आले’ असे पुल्लिंगी अनेकवचनही सर्रास लिहिले जाते, आणि ‘आईबाबा आले’ या वाक्यात आदरामुळे ते योग्यही वाटते. भाषा वाहती आहे. पण जुने रूप अडाणी म्हणून टाकून देण्याजोगे नाही, हे विसरता कामा नये.

पुरुषांच्या बाबतीत मात्र साऱ्या भाषा बऱ्याच अंशी एका मताच्या दिसतात. बोलणारा स्वतः कर्त्यांत असला की क्रियापद त्याच्याकडे येते: ‘तू आणि मी जाऊ’, ‘आई आणि मी गेलो’. ऐकणारा त्यात असला आणि बोलणारा नसला, तर ‘तू आणि सदू जा’. येथे मराठीची एक श्रीमंती इंग्रजीत हरवते. ‘तू आणि मी’ मिळून ‘आपण’ होतो. ‘तो आणि मी’ मिळून ‘आम्ही’ होतो. इंग्रजीला दोन्ही ठिकाणी एकच ‘वुई’. ऐकणारा आत आहे की बाहेर, हे त्या शब्दावरून कळत नाही.

दादोबांच्याच आडनावाच्या द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांनी ‘भाषांतर पाठमाला’ लिहिली, आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या तिच्या आधाराने इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेचे मर्म तिच्या नावातच आहे. मुलाच्या भाषेतून निघायचे, इंग्रजीत पोचायचे, आणि पुन्हा मुलाच्या भाषेत यायचे. या येण्याजाण्यात दोन्ही भाषांचे नियम एकमेकांशेजारी उभे राहत, आणि कोणता नियम कोणत्या घरचा, हे मुलाला दिसे. आज वर्गातून मातृभाषेला बाहेर ठेवून इंग्रजी शिकवण्याची ओढ वाढली आहे. पण मातृभाषा अशी दाराबाहेर थांबत नाही. ती मुलाच्या मनातून आत येते, आणि ‘इज’ होऊन वहीत उतरते. तिला आत घेऊन तिचे नाव सांगितले तर ती मदत करते. तिच्याकडे डोळेझाक केली तर तीच चूक म्हणून मोजली जाते.

येथे प्रश्न केवळ एका गुणाचा नाही. परगावी आलेल्या माणसाच्या मुलाला घरची भाषा कमी दर्जाची आहे असे वाटायला फार वेळ लागत नाही. बाजाराची भाषा वेगळी, परीक्षेची भाषा वेगळी. घरी उरते ती फक्त आईची. तिच्यामुळेच आपले इंग्रजी चुकते, अशी गाठ त्याच्या मनात बसली, की तो पहिल्याने ती भाषा चारचौघांत बोलायची सोडतो, आणि मग घरीही तिला आखडता हात घेतो. अशा रीतीने भाषा मरते. तिला कोणी मारत नाही. तिची लाज वाटू लागते, एवढेच होते.

म्हणून लाल शाईने ‘इज’चे ‘आर’ अवश्य करावे. इंग्रजीच्या अंगणात इंग्रजीचा नियम चालला पाहिजे. परीक्षकही तोच पाहणार. परंतु दुरुस्तीबरोबर दोन वाक्ये सांगावीत. पहिले असे, की तू लिहिलेस ते मराठीच्या नियमाला धरून आहे. मराठी वस्तूंच्या वेळी शेवटच्या शब्दाकडे पाहते, इंग्रजी बेरीज करते. दुसरे असे, की चारशे वर्षांपूर्वी जहाजांतून तुझ्या या शहरात उतरलेल्या इंग्रजीतही जवळच्या नामाकडे पाहण्याची ही रीत प्रचारात होती. एवढे ऐकल्यावर मुलाची मान खाली राहणार नाही. नियमही तो पुन्हा विसरणार नाही, कारण नियमामागचे कारण त्याच्या हाती आलेले असेल.

दादोबा पांडुरंग सुरतेत शिकवीत होते तेव्हा तेथील मुलांनीही अशाच चुका केल्या असतील. गुजराती मनातून निघालेले एखादे इंग्रजी वाक्य त्यांच्यापुढे आले असेल, आणि त्या वाक्याखाली दडलेले गुजराती वाक्य त्या वैयाकरणाच्या कानाने ओळखले असेल, असे समजायला हरकत नाही. ज्याने आपल्या भाषेचे नियम स्वतः शोधून लिहिले, त्याला दुसऱ्याच्या भाषेचे नियम चुकीच्या रूपातही ऐकू येतात. असा कान प्रत्येक शिक्षकाने कमवावा. गोडादऱ्याच्या वर्गात, फळ्यासमोर, तीन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलाला आज त्याचीच गरज आहे. घर आणि शाळा हे दोन कर्ते एका ‘आणि’ने जोडले जावेत, आणि त्यांचे क्रियापद अनेकवचनी असावे.